एली ग्रीनविचची गाणी तीन आवाजांत बसवताना मूळ रचनेतलं काय धरून ठेवायचं?

सुरपेटी

१९६० च्या दशकातली अमेरिकन गीतकार एली ग्रीनविच हिची चार गाणी छोट्या संचात बसवायची आहेत: ‘बी माय बेबी’, ‘द डू रॉन रॉन’, ‘देन ही किस्ड मी’ आणि ‘चॅपल ऑफ लव्ह’. संच असा: तीन स्त्री-आवाज, एक गिटार, एक कीबोर्ड, एक कहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी). बाकी काही नाही.

मूळ रेकॉर्डवर अंगावर येणारं गाणं या संचात एकदम पातळ पडतं. शब्द साधे, कॉर्ड मोजक्या, त्यामुळे शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटायला लागतं. यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘ही सगळी निर्माता फिल स्पेक्टरच्या वॉल ऑफ साउंडची, म्हणजे त्या भिंतीसारख्या जाड वाद्यमेळाची करामत, ती काढली की खाली काही उरत नाही’. मला ते पटत नाही. हीच गाणी इतरांनी निराळ्या वाद्यमेळात गायली, तरीही ती चालली.

तर विचारायचं असं, की या गाण्यांत लिहिणारीचं म्हणून नेमकं काय आहे, जे कुठल्याही संचात टिकायलाच हवं? आणि काय सोडून दिलं तरी चालेल? कार्यक्रमात गाण्याआधी दोन-चार वाक्यांत तिची ओळखही करून द्यायची आहे, तेव्हा श्रेयाबद्दलही नीट माहिती हवी.

अनवट

तुमचं म्हणणं बरोबर आहे, खाली बरंच काही उरतं. ‘बी माय बेबी’पासूनच बघू, कारण पातळपणाचं कारण तिथे चटकन सापडतं.

मूळ रेकॉर्ड ई मेजरमध्ये आहे. कडवं १६ बारांचं (एक बार म्हणजे चार मात्रा). पहिले आठ बार सरळ आहेत: दोन बार ई, एक बार एफ शार्प मायनर, एक बार बी सेवन, आणि हेच पुन्हा एकदा. खरी कमाल पुढच्या आठ बारांत आहे. जी शार्प सेवन, सी शार्प सेवन, एफ शार्प सेवन, बी सेवन, प्रत्येकी दोन बार. मग ध्रुवपदाला पुन्हा ई.

ई ला सा धरा. या चार कॉर्ड ग, ध, रे, प वर उभ्या आहेत आणि नंतर सा येतो. प्रत्येक मूळ स्वर हा पुढच्या कॉर्डचा पंचम आहे, म्हणून एकेक कॉर्ड पुढचीला ओढून आणते. शिवाय चारही सेवन्थ, म्हणजे सातवा स्वर जोडलेल्या आहेत, त्यामुळे कुठेच विसावा नाही. पहिल्या तिघींत स्केलबाहेरचा एकेक स्वर येतो: गंधारावरच्या कॉर्डमध्ये कोमल ध, धैवतावरच्या कॉर्डमध्ये कोमल रे, ऋषभावरच्या कॉर्डमध्ये तीव्र म. चौथीला शुद्ध म परत येतो आणि आपण घराच्या दारात उभे असतो. ध्रुवपद आलं की जो सुटल्यासारखा आनंद होतो तो या आठ बारांनी कमावलेला आहे. स्टुडिओतल्या प्रतिध्वनीचा त्याच्याशी संबंध नाही.

कानाने बसवताना नेमकी इथेच गडबड होते. जी शार्प, सी शार्प आणि एफ शार्प या तिन्ही मायनर वाजवल्या जातात, कारण त्या स्केलमध्ये बसतात आणि चाल त्यांच्याशी फारशी भांडत नाही. पण मग ते तिन्ही परके स्वर जातात, ओढ जाते आणि ध्रुवपद नुसतं पुढची ओळ असल्यासारखं येतं. तुमच्याकडे असंच वाजतंय का ते आधी तपासा.

गिटारवर ई मध्ये जी शार्प सेवन आणि सी शार्प सेवन दोन्ही चौथ्या फ्रेटवरच्या बॅर कॉर्ड आहेत, म्हणजे एका बोटाने तारा आडव्या दाबायच्या. हात थकतो, मग घाईत तिसरा स्वर नीट दाबला जात नाही आणि सेवन्थ अर्धवट वाजते. सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून डी चे आकार वापरायचे. तेव्हा साखळी होते एफ शार्प सेवन, बी सेवन, ई सेवन, ए सेवन. बॅर फक्त पहिल्या कॉर्डला, बाकी तिन्ही मोकळ्या. आवाजांना ई उंच पडत असेल तर कॅपो काढून सरळ डी मध्येच गा, काही बिघडत नाही.

कीबोर्डवाल्याला एवढंच सांगा, की या आठ बारांत उजव्या हाताने प्रत्येक कॉर्डचा मेजर तिसरा स्वर आणि सातवा स्वर हे दोन वाजलेच पाहिजेत. पंचम गाळला तरी चालेल.

ठेकेदार

वर कॉर्डचं आलंच आहे, मी कहोनचं सांगतो.

‘बी माय बेबी’च्या रेकॉर्डवरचा ड्रमवादक हॅल ब्लेन याचा तो सुरुवातीचा ठेका असा मोजा: एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि, चार-आणि. खालचा जड आवाज ‘एक’वर, दोननंतरच्या ‘आणि’वर आणि ‘तीन’वर. वरची कडक थाप फक्त ‘चार’वर. लय मिनिटाला साधारण १३० मात्रा.

बहुतेक वादक सवयीने ‘दोन’वरही थाप देतात. तसं केलं की तो कुठल्याही रॉक गाण्याचा ठेका होतो. ‘दोन’ रिकामा राहतो म्हणून ‘चार’ची वाट बघावी लागते, आणि ध्रुवपदाची वाट बघायला लावणाऱ्या त्या कॉर्डच्या साखळीशी ते फार सुंदर जुळतं. टाळ्याही ‘चार’वरच, थापेच्या जोडीला. गाणाऱ्या तिघींनी टाळ्या द्याव्यात, पण माइकपासून हात लांब ठेवून. कोणाला शेकर जमत असेल तर सरळ आठ अर्ध्या मात्रा, कुठलाही जोर न देता. भरीचे तुकडे टाळा.

वॉल ऑफ साउंडबद्दल एक गोष्ट उपयोगाची आहे. हॉलिवूडमधल्या गोल्ड स्टार स्टुडिओत खोली लहान आणि वादक पुष्कळ असत. कित्येक गिटार आणि पियानो एकच भाग एकत्र वाजवत, त्यावर स्टुडिओच्या एको चेंबरचा प्रतिध्वनी चढे. म्हणजे जाडी येई ती एकाच गोष्टीवर अनेकांनी एकदम उभं राहिल्यामुळे. छोट्या संचात याच्या उलट होतं: गिटार एक करते, कीबोर्ड दुसरंच काहीतरी, दोघं एकमेकांसाठी जागा सोडतात. या गाण्यांपुरतं ते बंद करा. गिटार आणि कीबोर्ड, दोघांनी एकाच सप्तकात, एकाच लयीत, त्याच कॉर्ड वाजवायच्या. दोन वाद्यांतही भिंतीची एक वीट उभी राहते.

रिव्हर्ब वाढवून जाडी येईल असं समजू नका. कहोनवर जास्त रिव्हर्ब पडला की ‘दोन’वरची ती रिकामी जागा भरून जाते आणि सगळी मेहनत वाया.

तिसरीघंटा

ओळखीसाठी आणि श्रेयासाठी.

एली ग्रीनविचचा जन्म ब्रुकलिनमध्ये, २३ ऑक्टोबर १९४०. वाढली लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमध्ये. लहानपणी अ‍ॅकॉर्डियन वाजवायची, मग पियानोवर चाली बांधायला लागली. हॉफ्स्ट्रा विद्यापीठात शिकली. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रिल बिल्डिंगमध्ये जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांच्या ट्रायो म्युझिकसाठी लिहायला लागली. त्याच वर्षी जेफ बॅरीशी लग्न झालं आणि लिखाणातली जोडीही जमली. त्याआधी टोनी पॉवर्सबरोबर लिहिलेली तिची गाणी आहेत. डार्लीन लव्हने गायलेलं ‘टुडे आय मेट द बॉय आय’म गॉना मॅरी’ त्यांतलंच.

तुमच्या चारही गाण्यांवर ग्रीनविच, बॅरी आणि स्पेक्टर अशी तीन नावं आहेत. ‘लीडर ऑफ द पॅक’वर तिसरं नाव जॉर्ज ‘शॅडो’ मॉर्टनचं. तेव्हा ‘एली ग्रीनविच आणि जेफ बॅरी यांनी फिल स्पेक्टरसह लिहिलेलं’ असं म्हणा, ते खरंही आहे आणि न्याय्यही.

दोन गोंधळ टाळा. ‘ही’ज अ रेबेल’ जीन पिटनीचं आहे, ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ जेरी गॉफिन आणि कॅरोल किंगचं, ‘वॉकिंग इन द रेन’ बॅरी मान, सिंथिया वाइल आणि स्पेक्टरचं. कुठल्याही गर्ल ग्रुपचं गाणं एलीच्या नावावर टाकलं जातं, ते बरं नाही. दुसरं म्हणजे सगळ्यांना मिळून ‘ब्रिल बिल्डिंगवाले’ म्हणायची पद्धत आहे. ती इमारत १६१९ ब्रॉडवे, आणि गॉफिन-किंग व मान-वाइल काम करायचे ते अ‍ॅल्डन म्युझिकचं कार्यालय १६५० ब्रॉडवेला, वेगळ्या इमारतीत.

आता शब्दांबद्दल. ‘देन ही किस्ड मी’चे शब्द साधे आहेत म्हणून पोरकट समजू नका, रचना बघा. वेगळं ध्रुवपद नाहीच. प्रत्येक कडव्यात आधी यमकाच्या दोन लांब ओळी, मग एकाच यमकाच्या तीन आखूड ओळी, आणि शेवटी शीर्षकाची ओळ, जी कशाशीच यमक जुळवत नाही. तीन आखूड ओळी धावत येतात आणि शीर्षकावर येऊन थांबतात. पहिल्या कडव्यात तो नाचायला विचारतो आणि रात्री घरी सोडतो. दुसऱ्यात ती आपलं प्रेम बोलून दाखवते, तोही तेच म्हणतो. तिसऱ्यात तो तिला आईवडिलांना भेटवायला नेतो आणि लग्नाचं विचारतो. शेवटची ओळ तिन्ही वेळा तीच, पण प्रत्येक वेळी तिचं वजन वाढलेलं. अडीच मिनिटांत इतकी मोठी गोष्ट आणि त्यात एकही फालतू शब्द नाही. हे फार थोड्यांना जमलंय.

गाताना याचा अर्थ असा, की तिन्ही कडव्यांत शेवटची ओळ सारख्याच जोरात गायची नाही. पहिल्यांदा हलकी, जवळजवळ कुजबुजल्यासारखी, तिसऱ्यांदा पूर्ण आवाजात. आधीच जोर लावला तर तिसऱ्या कडव्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. आणि तीन आखूड ओळींत कुठेही मोठा श्वास घेऊ नका. श्वास दुसऱ्या लांब ओळीनंतर.

सुरपेटी

अनवट, तपासलं. गिटार मायनरच वाजवत होती. सेवन्थ केल्यावर ध्रुवपद खरंच उजळून येतं!

आता आवाजांचं. ‘बी माय बेबी’च्या ध्रुवपदात मुख्य गायिका आणि मागच्या मुली एकमेकींच्या ओळींवर चढतात. तिघीच असताना हे कसं वाटून घ्यायचं? तिघींनी मिळून गायलं तर मुख्य ओळ जाते, एकटीने गायलं तर मागचं जातं.

अनवट

मागे दोघीच ठेवा आणि तिसरा स्वर कीबोर्डला द्या. खाली देतोय ती रेकॉर्डची नक्कल नाही, तीन आवाजांसाठी केलेली मांडणी आहे.

ध्रुवपद आठ बारांचं: सा मेजर, ध मायनर, म मेजर, प मेजर, प्रत्येकी दोन बार. डी मध्ये म्हणजे डी, बी मायनर, जी, ए. खालून वर तीन स्वर असे धरा:

पहिली कॉर्ड: मंद्र प, सा, ग
दुसरी: मंद्र ध, सा, ग
तिसरी: मंद्र ध, सा, म
चौथी: मंद्र नी, रे, प

पहिल्या तीन कॉर्डमध्ये दर वेळी एकच स्वर हलतो, चौथीला तिन्ही एकदम वर सरकतात. सगळ्यात खालची ओळ (प, ध, ध, नी) कीबोर्डला द्या. वरच्या दोन दोघींना: एकीला सा, सा, सा, रे आणि दुसरीला ग, ग, म, प. प्रत्येकीला आठ बारांत जेमतेम तीन स्वर लक्षात ठेवायचे आहेत. त्यामुळे सगळं लक्ष लयीकडे देता येतं, आणि या गाण्यात मागच्या आवाजांचं खरं काम लयीचंच आहे.

चुकतं ते दोन ठिकाणी. मागच्या दोघी मुख्य ओळीच्या शेवटच्या शब्दाची वाट बघतात आणि अर्धी मात्रा उशिरा येतात. वाट बघायची नाही. त्यांची ओळ बारच्या पहिल्या मात्रेवर सुरू होते, मुख्य गायिकेचा शब्द तिच्या पोटात संपला तरी हरकत नाही. ते एकमेकींवर चढणं लिहिलेलंच आहे. दुसरं, सा धरणारी मुलगी तिसऱ्या कॉर्डपर्यंत हळूहळू उतरते, कारण तोच स्वर सहा बार धरायचा असतो. तिच्या मॉनिटरमध्ये कीबोर्ड थोडा वाढवा.

या प्रकारच्या मागच्या आवाजांचा अभ्यास करायचा असेल तर द रेनड्रॉप्स ऐका. तो गट म्हणजे एली आणि जेफ बॅरीच, एकावर एक आवाज चढवून केलेला. ‘द काइंड ऑफ बॉय यू कॅन्ट फर्गेट’ १९६३ मध्ये अमेरिकेत १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. लिहिणारीच मागचे आवाज रचते आणि गाते तेव्हा ते आवाज गाण्याचा सांधा कसे होतात, ते तिथे स्वच्छ ऐकू येतं.

बीसाइड

तिसरीघंटांशी बव्हंशी सहमत, एक भर घालतो. एलीचं कौतुक करताना जेफ बॅरीला झाकू नका. दोघंही शब्द आणि चाल दोन्ही करायचे, ‘ती चाल, तो शब्द’ अशी वाटणी नव्हती. डिसेंबर १९६५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, तरी त्यानंतर ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ आलं (अमेरिकेत ८८ वं, ब्रिटनमध्ये ३ रं), आणि दोघांनी मिळून नील डायमंडची सुरुवातीची गाणीही निर्मित केली. मात्र ‘रिव्हर डीप’च्या वाटेला छोट्या संचाने जाऊ नये असं माझं मत आहे. ते गाणं त्या प्रचंड वाद्यमेळासकटच विचारात घेतलेलं वाटतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे रचना किती आणि स्टुडिओ किती याचं, कानाने उत्तर हवं असेल तर एकच गाणं दोन ध्वनिमुद्रणांत ऐका. ‘चॅपल ऑफ लव्ह’ रोनेट्सनी (‘बी माय बेबी’ गाणारा मुलींचा गट) स्पेक्टरकडे गायलं होतं, पण त्याने ते तेव्हा सिंगल म्हणून बाहेर काढलं नाही. १९६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डिक्सी कप्सचं हलकंफुलकं रूप रेड बर्ड या नव्या कंपनीने काढलं आणि ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. रोनेट्सचं रूप त्याच वर्षीच्या त्यांच्या एलपीवर आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. भिंत नसलेलंच रूप गाजलं, यातच काय ते आलं.

म्हणून कार्यक्रमात हेच पहिलं घ्या. गाणं थेट मुखड्यानेच सुरू होतं, ओळख करून देणारं कडवं नाही. मुखड्याच्या कॉर्ड फक्त तीन, डी मध्ये डी, ई मायनर, ए. पहिल्या चार ओळी तिघींनी वाद्यांशिवाय, नुसत्या चुटक्यांवर गाऊन बघा. सुरात राहिलात तर प्रेक्षक तिथेच तुमचे. गिटार आली की तिने पट्टी दाखवल्यासारखं जोरात येऊ नये. आवाज उतरलेले असतील तर तो फरक सगळ्यांना कळतो, म्हणून आधी षड्ज कानात ठेवायला कीबोर्डवर हळूच एक स्वर धरून ठेवा.

अशाच आणखी जोड्या: ‘डू वा डिडी’ आधी एक्साइटर्सनी १९६३ मध्ये गायलं, पुढच्या वर्षी मॅनफ्रेड मानने पहिल्या क्रमांकावर नेलं. ‘आय कॅन हिअर म्युझिक’ रोनेट्सचं १९६६ मध्ये जेमतेम १०० व्या क्रमांकावर टेकलं, बीच बॉइजचं १९६९ मध्ये २४ व्या. ‘हँकी पँकी’ रेनड्रॉप्सच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला पडून होतं, १९६६ मध्ये टॉमी जेम्सचं पहिलं आलं. दर वेळी गाणारे, वाद्यं, निर्माता सगळं वेगळं. कायम राहिली ती रचना.

ठेकेदार

‘द डू रॉन रॉन’बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. कॉर्ड तीनच: सा, म, प. ओळ सा वरून म वर जाते, मग ती निरर्थक अक्षरं प वरून सा वर घेऊन येतात. म्हणजे गाण्याची सम त्या अक्षरांवर आहे. त्यांना अर्थ नाही म्हणून ती सैल गायली जातात आणि गाणं तिथेच गळतं. द, ड आणि र स्पष्ट आघाताने उच्चारा, शेवटच्या न वर आवाज नाकात घुमू द्या आणि ताबडतोब सोडा. ताणलात तर पुढच्या ओळीला उशीर होतो. तीन आवाज इथे एकाच सुरात ठेवा, वेगवेगळे स्वर नकोत.

सुरपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आवाजांची वाटणी छापून देतेय. शेवटची एक शंका: ‘बी माय बेबी’ रेकॉर्डवर हळूहळू विरत जातं. प्रत्यक्ष गाताना संपवायचं कसं? लय उतरवत नेलं तर फार नाटकी होतंय.

ठेकेदार

लय अजिबात उतरवू नका. रेकॉर्डवर शेवटाकडे सगळं थांबतं आणि तो सुरुवातीचा ठेका पुन्हा एकटा ऐकू येतो. ती जागा वापरा. तिथे कहोन एकटी दोन बार, मग पूर्ण ताकदीने ध्रुवपद दोनदा. दुसऱ्या वेळी चौथ्या कॉर्डच्या दुसऱ्या बारात गिटार-कीबोर्ड बंद, फक्त तिघींचा आवाज आणि ‘चार’वर एक थाप. लगेच पुढच्या ‘एक’वर सगळ्यांनी मिळून सा ची कॉर्ड, आखूड, आणि तारांवर हात ठेवून बंद. कीबोर्डवाल्याने सस्टेनच्या पेडलवरून पाय आधीच काढलेला असू दे, नाहीतर ती कॉर्ड एकटीच मागे रेंगाळते.